पाऊस मोजणारा मास्तर

मँचेस्टरच्या भर वस्तीत जॉन डाल्टन स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. डीन्सगेटवरून अल्बर्ट स्क्वेअरकडे जायचं तर हाच रस्ता. त्यावरून रोज हजारो माणसं जातात, आपली मंडळीही जातात, आणि डाल्टन म्हणजे कोण असं विचारलं तर शाळेत सायन्स घेतलेला कुणीही सांगेल की अणुसिद्धांतवाला. त्यापुढे मात्र गाडी अडते. आपल्याकडे तर लगेच कणादाचा विषय निघतो, की हे सगळं आमच्याकडे आधीच होतं. कणाद मोठाच. पण कणादाच्या परमाणूचं वजन कुणी मोजलं नव्हतं, ग्रीकांच्या अणूचंही नव्हतं. अणूला तराजूत बसवला तो या मँचेस्टरच्या मास्तरानं, आणि त्यामुळे दोन पदार्थ एकत्र आणले तर त्यातून तिसरा किती तयार होईल हे करून बघायच्या आधी कागदावर सांगता यायला लागलं. त्या माणसाची ही गोष्ट.

जॉन डाल्टन सप्टेंबर १७६६ मध्ये कंबरलंडमधल्या ईगल्सफील्ड या खेड्यात जन्मला. लेक डिस्ट्रिक्टला सुट्टीत जाणाऱ्यांना कॉकरमथ माहीत असेल, तिथून हे गाव अगदी जवळ. वडील जोसेफ हातमागावर कापड विणायचे, थोडीशी शेती होती. घर क्वेकर पंथाचं. म्हणजे राहणी साधी, कपडे करडे किंवा काळे, डामडौल नाही, शपथ घ्यायची नाही, तलवार धरायची नाही. त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा की ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी अशा मुलांना मिळतच नसे, कारण त्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडचं असणं सक्तीचं होतं. गरिबी एकीकडे, पंथ दुसरीकडे. या पोराला कॉलेजचं तोंड विद्यार्थी म्हणून कधीच बघायला मिळालं नाही.

मग शिकला कुठे? गावच्या क्वेकर शाळेत, आणि एलिहू रॉबिन्सन नावाच्या एका सुखवस्तू क्वेकर गृहस्थाकडे. या रॉबिन्सनांना हवामानाच्या नोंदी ठेवायचा आणि उपकरणं बनवायचा नाद होता. तो नाद पोराला लागला. बाराव्या वर्षी, म्हणजे १७७८ साली, जॉननं गावात स्वतःची शाळा काढली. आपण बाराव्या वर्षी काय करत होतो ते ज्यानं त्यानं आठवावं! त्याचे काही विद्यार्थी त्याच्याहून मोठे होते आणि मास्तरांना मारामारीचं आव्हान देत, असं सांगतात.

१७८१ मध्ये तो केंडलला गेला, तिथल्या क्वेकर शाळेत शिकवायला. पुढे १७८५ पासून थोरला भाऊ जोनाथन आणि तो मिळून ती शाळा चालवू लागले. केंडलमध्ये त्याला खरा गुरू भेटला, जॉन गॉफ. हा माणूस लहानपणी देवीच्या रोगात आंधळा झालेला, पण लॅटिन, ग्रीक, गणित, वनस्पतिशास्त्र सगळं येणारा. झाडं तो स्पर्शानं आणि वासानं ओळखी. गॉफनं त्याला रोजच्या हवेची नोंद ठेवायला सांगितलं. २४ मार्च १७८७ रोजी डाल्टननं पहिली नोंद केली, आणि ती वही पुढे सत्तावन्न वर्षं चालू राहिली. तापमान, हवेचा दाब, पाऊस, वारा. एकूण नोंदी दोन लाखांच्या घरात जातात. मँचेस्टरसारख्या गावात राहून पाऊस मोजायचा म्हणजे कामाला तोटा नाही, हे तिथे राहणारे कुणीही मान्य करतील.

हे पावसाचं वेड मी एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. रसायनशास्त्राकडे डाल्टन आला तो या पावसातूनच. हवेत पाण्याची वाफ असते ती कशी असते? हवेत विरघळलेली, की नुसती शेजारी शेजारी? ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, मग तो खाली बसून नायट्रोजन वर का तरंगत नाही? पाण्यात काही वायू जास्त विरघळतात, काही कमी, ते का? असे प्रश्न त्याला पडत गेले. १८०१ मध्ये त्यानं सांगितलं की मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो, जणू बाकीचे तिथे नाहीतच. आंशिक दाबाचा नियम म्हणून तो आपण अकरावीत शिकलोय. आणि विरघळण्याच्या प्रश्नावर विचार करता करता त्याला वाटलं की हे वायूच्या कणाच्या वजनावर अवलंबून असावं. (ते तसं नव्हतं. पण चुकीच्या रस्त्यानं माणूस बरोबर गावाला पोचला.) कणाचं वजन काढायचं तर कसं? कण तर दिसत नाही.

तोवर तो मँचेस्टरला आला होता. १७९३ मध्ये न्यू कॉलेजात गणित आणि निसर्गविज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. हे कॉलेज चर्चबाहेरच्या लोकांसाठी काढलेलं. पुढे ते गावोगाव फिरत शेवटी ऑक्सफर्डमध्ये स्थिरावलं, आज त्याला हॅरिस मँचेस्टर कॉलेज म्हणतात. डाल्टनला जिथे प्रवेश नव्हता तिथेच त्याचं कॉलेज जाऊन बसलं! १८०० साली कॉलेजची आर्थिक स्थिती ढासळली तेव्हा त्यानं नोकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य शिकवण्या घेऊन काढलं. हो, शिकवण्या. ज्यानं आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घातला तो माणूस मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या मुलांना तासावर अंकगणित शिकवून जगला. प्रयोगशाळा म्हणजे मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या घरातल्या खोल्या. उपकरणं साधीसुधी, बरीचशी स्वतःच जुळवलेली.

आता जरा स्वयंपाकघरात येऊ, दिवाळीच आहे. करंज्या करायला बसलात. पन्नास पाऱ्या लाटून झाल्या आहेत आणि सारण आहे ऐंशी चमचे. एका करंजीला एक पारी आणि दोन चमचे सारण. करंज्या किती होतील? पाऱ्या पन्नास आहेत म्हणून पन्नास, असं कुठलीही गृहिणी म्हणणार नाही. सारण चाळिसांनाच पुरेल, करंज्या चाळीसच होणार, दहा पाऱ्या उरतील, त्यांच्या शंकरपाळ्या करा. जे आधी संपतं ते ठरवतं की किती होणार. रसायनशास्त्रात याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. हा शब्द डाल्टनचा नव्हे, पण हा हिशोब अणूंना लावता येतो ही गोष्ट त्याची. आणि दोन गोष्टी समजल्याशिवाय तो लावता येत नाही. एक, करंजीला पारी आणि सारण ठरलेल्याच प्रमाणात लागतं. दोन, ते प्रमाण किती.

पहिली गोष्ट आज आपल्याला उघड वाटते, तेव्हा ती मुळीच उघड नव्हती. फ्रान्समध्ये बर्तोले नावाचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांचं मत असं की दोन पदार्थ परिस्थितीप्रमाणे कमीजास्त प्रमाणात एकत्र येऊ शकतात. प्रूस्त म्हणून दुसरे होते, ते म्हणत प्रमाण पक्कं असतं. दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला, मोठ्या सभ्यपणे. जर्मनीत रिश्टरनं आम्ल आणि अल्कली एकमेकांना किती लागतात याची कोष्टकं केली होती. पण असं का होतं ते कुणी सांगत नव्हतं.

डाल्टनचा एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. त्या काळी हवा किती शुद्ध आहे ते बघायला एक चाचणी करत. हवेत नायट्रस गॅस सोडायचा, म्हणजे आज आपण ज्याला नायट्रिक ऑक्साइड म्हणतो तो. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, तयार झालेलं खालच्या पाण्यात विरघळून जातं, आणि आकारमान किती कमी झालं ते मोजायचं. अडचण अशी की दरवेळी उत्तर वेगळं येई. डाल्टननं नीट बघितलं. १०० माप हवा घेऊन अरुंद नळीत प्रयोग केला तर ३६ माप नायट्रस गॅस लागतो आणि ७९-८० माप वायू उरतो. रुंद भांड्यात केला तर नायट्रस गॅस लागतो ७२ माप, आणि उरतो तेवढाच, ७९-८०. म्हणजे दोन्ही वेळा हवेतला सगळा, २०-२१ माप, ऑक्सिजन संपलेला आहे. संपणारा तोच, पण त्यानं जोडीदार एकदा जेवढा घेतला त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्यांदा. मधल्या आकड्यांचं काय? मधलं काही नसतं, असं त्यानं ठरवलं. मधला आकडा आला तर थोडं एक झालंय, थोडं दुसरं, दोन्हींची मिसळ. डाल्टनच्या या आकड्यांवर इतिहासकारांनी पुढे बराच खल केला, कारण ते इतके नेटके येणं सोपं नाही. पण त्यातून निघालेला विचार खरा ठरला. ऑक्सिजनचा एक कण जोडीदाराचा एक कण घेईल किंवा दोन घेईल. दीड घेणार कसा?

तीच गोष्ट कोळशाची. डाल्टनच्या डोळ्यांसमोर कार्बनची दोन ऑक्साइडं होती आणि एकात ऑक्सिजन दुसऱ्याच्या दुप्पट. आजच्या आकड्यांत सांगायचं तर १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन मिळाला तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. १६ किलोच मिळाला तर २८ किलो कार्बन मोनॉक्साइड. आणि २४ किलो मिळाला तर? अर्धा कार्बन एकीकडे, अर्धा दुसरीकडे. २२ किलो डायऑक्साइड आणि १४ किलो मोनॉक्साइड, बेरीज छत्तीस. ही प्रत्यक्षातली भट्टी नव्हे, वहीतला हिशोब, पण आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या बॉयलरला तो लागू आहे. धुराडं तुंबलं, खोलीत ताजी हवा येईना, की आधी संपणारा पदार्थ ऑक्सिजन होतो आणि मग रंग नसलेला, वास नसलेला मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. इथल्या थंडीत खिडक्या घट्ट लावून बसणाऱ्या आपल्या लोकांनी तो छोटा अलार्म भिंतीवर लावला आहे ना, आणि त्याची बॅटरी जिवंत आहे ना, हे हा लेख वाचून झाल्यावर एकदा बघावं.

आता दुसरी गोष्ट, प्रमाण किती. इथे डाल्टनची खरी कमाई आणि खरी फजिती, दोन्ही आहेत. ६ सप्टेंबर १८०३ रोजी, आपल्या वाढदिवसाच्या आसपास, त्यानं वहीत अणूंच्या वजनांचं पहिलं कोष्टक मांडलं. सर्वांत हलका हायड्रोजन, त्याला १ धरलं. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनानं किती ते लोकांनी मोजलेलं होतं. पण त्यावरून ऑक्सिजनच्या एका अणूचं वजन काढायचं तर पाण्याच्या एका कणात कशाचे किती अणू हे माहीत हवं. ते कुणालाच माहीत नव्हतं. डाल्टननं नियम केला की दोन मूलद्रव्यांचा एकच संयोग माहीत असेल तर तो एकास एक समजायचा. क्वेकर माणूस, साधेपणावर भिस्त! म्हणून त्याचं पाणी एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. ऑक्सिजनचं वजन आधी ५.५ आलं, १८०८ मध्ये रसायनशास्त्रावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला त्यात ते ७ झालं. खरा आकडा त्याच्या पद्धतीनं ८ यायला हवा होता, आणि आपण आज १६ म्हणतो कारण पाण्यात हायड्रोजन दोन आहेत.

इथे बरेच जण डाल्टनला हसतात. पण जरा हिशोब करून बघा. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन आहे, पाणी किती होईल? वजनाचं प्रमाण एकास आठ. १० ग्रॅम हायड्रोजनला ८० ग्रॅम ऑक्सिजन हवा, तेवढा नाही. म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. ६४ ग्रॅमला ८ ग्रॅम हायड्रोजन लागला, पाणी ७२ ग्रॅम, हायड्रोजन २ ग्रॅम शिल्लक. आता यात पाणी एच-टू-ओ आहे की नुसतं एच-ओ, याचा संबंध आला का? नाही आला. सूत्र चुकलं तरी वजनाचं प्रमाण बरोबर असेल तर उत्तर बरोबर. डाल्टनच्या ७ नं केलं तर पाणी सुमारे ७३.१ ग्रॅम येतं, ही चूक मोजमापाची, सूत्राची नव्हे. मोजमापं नंतर स्वीडनच्या बर्झेलियसनं सुधारली. इंग्लंडमध्ये वोलास्टननं १८१४ च्या सुमारास अशा प्रमाणांची एक सरकती पट्टीच काढली, की पट्टी सरकवा आणि किती घातलं तर किती मिळेल ते वाचा. कारखानदारांना, औषधवाल्यांना आणखी काय हवं? अणू खरे आहेत की नाहीत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

सूत्राची चूक सुधारायची संधी मात्र डाल्टननं हातची घालवली. फ्रान्सच्या गे-ल्यूसाकनं १८०८ च्या शेवटी दाखवलं की वायू आकारमानानं सोप्या पूर्णांकांत एकत्र येतात. दोन माप हायड्रोजन, एक माप ऑक्सिजन, दोन माप वाफ. हे तर अणुसिद्धांताला पूरकच होतं! पण डाल्टनला ते पटेना. एका माप ऑक्सिजनातून दोन माप वाफ व्हायची तर ऑक्सिजनचा कण अर्धा तोडावा लागेल, आणि त्याचा अणू तर अभेद्य. गे-ल्यूसाकची मोजमापंच चुकली असणार असं म्हणून तो बसला. इटलीच्या अव्होगाड्रोनं १८११ मध्ये कोडं सोडवलं: वायूतला कण एकटा अणू नसून दोन अणूंची जोडी आहे, ती फुटते. पण डाल्टनच्या मते एकाच जातीचे अणू एकमेकांना दूर ढकलतात, मग ती जोडी जमेल कशी? १८२२ मध्ये तो पॅरिसला गेला, लाप्लास, बर्तोले, गे-ल्यूसाक सगळ्यांना भेटला, त्यांनी त्याचा मोठा मान केला. मत बदललं नाही. हा गुंता १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोनं अव्होगाड्रोला पुढे आणलं तेव्हा कुठे सुटू लागला. स्वतःच्याच अणूवर इतकं प्रेम की तो कसा वागतो ते दुसऱ्यानं सांगितलेलं चालेना. मला यात मास्तरकीचा दोषही दिसतो. आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहणाऱ्याला आपणच बरोबर असायची सवय लागते.

माणूस म्हणून कसा होता? अविवाहित. रेव्हरंड जॉन्स यांच्या घरी पंचवीसेक वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिला. दिवस घड्याळासारखा. गुरुवारी दुपारी मात्र डॉग अँड पार्ट्रिज या पबच्या हिरवळीवर बोल्स खेळायचा. उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्टला जाऊन बॅरोमीटर घेऊन हेल्वेलिन चढायचा. भाषण अगदी रूक्ष, आवाज खरखरीत. पण शिकवायला लाकडी गोळे वापरायचा. पीटर यूअर्ट या इंजिनियर मित्रानं ते करून दिले होते, अणू म्हणून हातात देता येतील असे. पेलतिए नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ त्याला भेटायला मँचेस्टरला आला तेव्हा हा थोर तत्त्वज्ञ एका पोराला पाटीवर गणित समजावत होता, आणि पाहुण्याला गणित संपेपर्यंत थांबावं लागलं, अशी गोष्ट सांगतात. अशाच पोरांमध्ये दारूभट्टीवाल्या जूल कुटुंबातला जेम्स होता. पुढे उष्णता आणि काम यांचं नातं मोजणारा जूल तो हाच.

मान आपणहून चालत आला. १८२२ मध्ये रॉयल सोसायटी, १८२६ मध्ये तिचं रॉयल मेडल, १८३३ मध्ये सरकारकडून वर्षाला १५० पौंडांचं पेन्शन, १८३६ मध्ये ते ३०० झालं. १८३२ मध्ये ऑक्सफर्डनं मानद पदवी दिली. आणि तिचा झगा होता लालभडक, क्वेकर माणसानं चारचौघांत घालू नये असा. दोन वर्षांनी राजे चौथे विल्यम यांच्या दरबारात जायचं होतं. दरबारी पोशाखाला तलवार लागते, ती क्वेकरला चालत नाही, म्हणून हा झगा घालायचं ठरलं. डाल्टन निवांत होता. त्याला लाल दिसतच नव्हतं.

हो, रंगांधळेपणावर पहिला व्यवस्थित शास्त्रीय निबंध त्याचाच, १७९४ चा. एक जिरेनियमचं फूल दिवसा त्याला आभाळी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात वेगळंच, तेव्हा त्याला शंका आली. भावालाही तसंच दिसत होतं. म्हणजे घराण्यातच असणार. डोळ्याच्या आतलं पाणी निळसर असल्यानं लाल अडतो, असा त्याचा तर्क होता. मेल्यावर माझे डोळे काढून तपासा, असं त्यानं सांगून ठेवलं.

१८३७ पासून पक्षाघाताचे झटके आले, बोलणं अडखळू लागलं. १८४० च्या सुमारास रॉयल सोसायटीनं त्याचा एक निबंध छापायला नकार दिला, तो त्यानं स्वतःच्या खर्चानं छापला. २६ जुलै १८४४ च्या संध्याकाळी थरथरत्या हातानं त्यानं हवेची नोंद केली, थोडा पाऊस झाल्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मँचेस्टरनं टाऊन हॉलमध्ये त्याचं शव ठेवलं आणि चाळीस हजार माणसं दर्शनाला आली. काही क्वेकरांना हा थाट मुळीच आवडला नाही.

डॉक्टर रॅन्समनी सांगितल्याप्रमाणे डोळा तपासला. आतलं पाणी निळं नव्हतं, स्वच्छ होतं. तर्क चुकला. डोळ्यांचे अवशेष सोसायटीनं जपून ठेवले. १९४० च्या नाताळात जर्मन बाँबहल्ल्यात जॉर्ज स्ट्रीटवरचं ते घर जळलं, डाल्टनच्या वह्या बहुतेक गेल्या, काही अर्धवट जळलेली पानं वाचली. डोळे राहिले. १९९५ मध्ये त्यातून डीएनए काढून तपासला, तेव्हा समजलं की हिरव्या रंगाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्य तयार करणारा जीनच त्याच्याकडे नव्हता. दीडशे वर्षांनी मास्तरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आलं.